थर्मोस्टॅट काढायच्या आधी रेडिएटरचं झाकण बघा

या चर्चेत वर दोघातिघांनी जुनी गाडी तापत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढूनच टाका असं लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. अडकला असेल तर नवीन घाला, पण काढलात तर इंजिन वेळेवर गरम होत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं आणि खरा फॉल्ट तसाच राहतो. फॅनबद्दल जे लिहिलंय ते बरोबर, ट्रॅफिकमधे तापते आणि हायवेला काटा खाली येतो म्हणजे आधी फॅन, त्याचा रिले (फॅनला करंट देणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) आणि टेंपरेचरचा स्विच बघायचा.

पण झाकणाबद्दल कोणीच बोललं नाहीये. माझी 2001 ची गाडी खंबाटकी घाट चढताना दरवेळी तापायची, गॅरेजवाल्याने वॉटर पंप बदलला, रेडिएटर साफ केला, तरी तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी सकाळी थंड गाडीचं झाकण उघडून दाखवलं, रेडिएटरला जोडलेली कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटरमधे बोट घातलं तर कूलंट लागेचना. झाकणाच्या खालचं रबर कडक होऊन चिरलं होतं. 0.9 बारचं (बार म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) झाकण प्रेशर धरून ठेवतं म्हणून पाणी 100 ऐवजी साधारण 118 डिग्रीला उकळतं, ते प्रेशरच राहत नसेल तर घाटात उकळणारच ना, आणि बाहेर बाटलीत गेलेलं कूलंट गाडी थंड झाल्यावर रेडिएटरमधे परत ओढलंही जात नाही. नवीन घेताना जुन्यावरचा बारचा आकडा बघून तेवढ्याचंच घ्या, आणि गाडी गरम असताना झाकणाला हात लावू नका, वाफेने हात भाजलेला माणूस मी डोळ्यांनी बघितलाय.