होळकर कुठेत, मामा?

'एम्पायर: टोटल वॉर' २००९चा जुना, राज्य चालवून लढाया करायचा कॉम्प्युटर गेम, आता घ्यावा का, असा प्रश्न आहे. सेलमध्ये असेल तर बिनधास्त घ्या. पूर्ण किमतीला मी तरी नाही घेणार. मराठे घेऊन खेळता येतं, माझ्यासाठी निम्मे पैसे तिथेच वसूल. शेजारीच मुघल, गेममधल्या वर्षाला दोन चाली, त्यामुळे शंभर वर्षांचा डाव संपता संपत नाही. रविवारी पोहे-जिलबी आटोपून बसलो की जेवणाच्या हाका तीनदा येतात.

इंदूरला होळकरांच्या राजवाड्याच्या सावलीत वाढलेला माझा भाचा नकाशा बघून पहिलं काय म्हणाला? "मामा, होळकर कुठेत?" अरे बाबा, डाव १७०० साली सुरू होतो, तेव्हा मल्हारराव जेमतेम सात वर्षांचे! त्याचं तोंड उतरलं ते उतरलंच.

फक्त गनिमी काव्याची आशा धरून घेऊ नका. लढाई बहुतेक मैदानात, रांगा लावून, बंदुकांच्या फैरी झाडत. आणि किल्ल्याच्या वेढ्यात कॉम्प्युटरची फौज तटाखाली गोंधळून उभी राहते, जिंकूनही मजा येत नाही. आरमाराची लढाई मात्र झकास. वाऱ्याची दिशा चुकली की जहाज गेलंच समजा.