मदत हवी आहे – टॅमॉक्सिफेन की अ‍ॅनास्ट्रोझोल, भावाचा प्रश्न आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, अशोक चौकाकडच्या एका जिमला जातो, तिथं कुणाचं तरी ऐकून त्यानं टेस्टोस्टेरॉनची (पुरुषी हार्मोनची) इंजेक्शनं घेतली, घरी कुणाला पत्ता नाही, आणि आता डाव्या निप्पलमागं गाठ आलीय, हात लावला तरी दुखतंय.

जिमवाला म्हणतो अ‍ॅनास्ट्रोझोल घे, मित्र म्हणतो टॅमॉक्सिफेन. मी वाचलं त्यावरून एवढं कळलं की अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल अरोमाटेज एन्झाइम अडवतात म्हणजे टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (बायकांचं हार्मोन, त्यानंच छातीत अशी गाठ वाढते) होणंच कमी होतं, आणि टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेन कमी करत नाही, छातीतल्या रिसेप्टरवर त्याला बसू देत नाही. मग आलेल्या गाठीला टॅमॉक्सिफेनच बरं ना? पण त्यानं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि दुसरीकडं अ‍ॅनास्ट्रोझोलनं इस्ट्रोजेन फारच पडलं तर सांधे दुखतात, हाडं ठिसूळ होतात. दोन्ही मुळात ब्रेस्ट कॅन्सरची औषधं ओ, भीती वाटते.

डॉक्टरला न दाखवता गोळी देणार नाही हे नक्की. सोलापुरात चांगले एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) कोण आहेत? जाण्याआधी इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन या हार्मोनच्या आणि लिव्हरच्या टेस्ट करून घेऊ का? कुणाची गाठ ऑपरेशनशिवाय गेली असेल तर प्लीज सांगा.