मदत हवी आहे: ट्रॅक्टरचा पुढचा लोडर काढायचाय, पिना जाम आहेत

ऊसकरी_वाळवा
रस्त्याच्या ठेकेदाराकडून जुना ट्रॅक्टर घेतलाय, पुढं लोडर बसवलेलाच आहे. लोडरसकट बांधाला वळत नाही, स्टेअरिंग ओढून दंड भरून येतात. पावसाआधी मोकळा करायचा आणि दिवाळीनंतर शेणखत भरायला परत चढवायचा. लोडरचे हात ज्या मागच्या पिनांवर अडकवलेत त्या घणानं ठोकल्या, जागच्या हलत नाहीत. कसा काढायचा ते लवकर सांगा, रविवारी दोन माणसं मदतीला येणार आहेत.

मिस्त्री_तासगाव
ट्रॅक्टर कुठला? लोडरचा पंप कशावर फिरतो? लोडर ज्यावर बसवलाय ती लोखंडी चौकट मागं कुठवर गेलीय? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार दादा? फोटो टाका.

काळीमाती
माझं ऐका, काढायच्या भानगडीत पडूच नका. लोडर विकून टाका. शेणखताला जेसीबी तासावर मिळतो, अर्ध्या दिवसात ट्रॉल्या भरून मोकळे. आमच्या गावात सगळे हेच करतात.

ऊसकरी_वाळवा
विकायचा नाही. शेतात जेसीबी यायला वाटच नाही, ओढ्याचा साकव आहे मध्ये.
मॅसी फर्ग्युसन १०३५ आहे. पंप पुढं रेडिएटरखाली. चौकट मागच्या एक्सलपर्यंत. पिना कशा काढायच्या तेवढं सांगा.

वर्कशॉप_कराड
सोपं आहे. चौकटीसकट सगळाच उतरवा. पंपाच्या नळीला प्लग मारा, चौकटीखाली दोन्ही बाजूंनी टेकू द्या, एक्सलचे आणि पुढचे बोल्ट सोडा आणि ट्रॅक्टर रिव्हर्स घेऊन बाहेर काढा. आम्ही असेच काढतो.

मिस्त्री_तासगाव
कराडकर, पंपाला प्लग अजिबात नको! हा पंप क्रँकच्या पुलीवर आहे, इंजिन चालू झालं की तो फिरणारच. तेलाला वाट नसेल तर नळी तरी फुटेल नाहीतर पंप. आणि चौकटीखाली टेकू दिल्यावर रिव्हर्स घेताना पुढचा एक्सल त्याच टेकूवर येऊन आदळणार, ते कसं टाळता?

वाळवेकर, चौकट राहू द्या ट्रॅक्टरला. फक्त हात आणि बकेट उतरवा. क्रम असा ठेवा:
काँक्रीटवर किंवा टणक जमिनीवर बकेट सपाट टेकवा. इंजिन बंद. मग दोन्ही लिव्हर सगळ्या बाजूंना हलवा, म्हणजे नळ्यांतला दाब उतरतो. त्यानंतरच नळ्या सोडायच्या. प्रत्येक नळीला आणि तिच्या तोंडाला एकाच रंगाची टेप गुंडाळा, तोंडं बुचानं बंद करा. हात उचलणाऱ्या जॅकची (तेलाच्या दाबानं सरकणारा सिलिंडर) खालची पिन काढून जॅक तारेनं हाताला वर बांधा. मागची पिन सगळ्यात शेवटी.
हात चौकटीच्या उभ्या खांबावरून सुटले की मागचं टोक धरायला काहीतरी लागतं. खालून टेकू द्यायचा तर पुढच्या चाकांच्या पुढं द्या, नाहीतर चाकं त्यालाच धडकतील. शेडचा गर्डर दणकट असेल तर दोन्ही हातांना वेगवेगळ्या चेन कुप्प्या (साखळीनं वजन उचलायच्या) लावा. एकच आडवी पट्टी टाकून उचललंत आणि सायलेन्सर उभा असला, तर मागं जाताना तो पट्टीत अडकेल.
तेल गळतंय का ते बोटानं चाचपू नका. बारीक भोकातून दाबानं निघालेलं तेल कातडीत शिरतं. जखम टाचणीएवढी दिसते, पण तेव्हाच ऑपरेशन झालं नाही तर बोट जातं. पुठ्ठा धरून बघा.

वर्कशॉप_कराड
आमच्या चौकटी पुढून निघतात, आम्ही टेकू गाडीखाली देतच नाही. पण प्लगचं तुमचं बरोबर, लिव्हरचा व्हॉल्व्ह जागेवर असेल तर तेल फिरून टाकीत जातं.

शेतीमाती_नगर
हायड्रॉलिकला ६८ नंबरचंच तेल टाका. खूपजण काहीही ओततात. आणि मागच्या टायरात पाणी भरा, व्हॉल्व्ह वर घेऊन व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, पाऊण टायर भरतो.

काळीमाती
पाण्यानं रिमा सडतात. लोखंडी वजनं लावा.

शेतीमाती_नगर
ट्यूबच्या टायरात पाणी ट्यूबमध्येच राहतं, रिमला लागतंच कुठं? आणि लोखंडाचा भाव काय चाललाय!

मिस्त्री_तासगाव
दोघंही थांबा. वजन लागतं ते परत चढवताना. भरलेली बकेट वर गेली की मागची चाकं हलकी होतात, तेव्हा पाणी किंवा वजनं काहीही चालेल. आत्ता अडलंय पिनेपाशी.

ऊसकरी_वाळवा
लोडरच्या लिव्हरचा व्हॉल्व्हपण काढणार आहे. चढता-उतरता गुडघ्याला लागतो.

मिस्त्री_तासगाव
हे आधी सांगायला हवं होतं! मग पंपाचं कपलिंगच (पुली आणि पंपाला जोडणारा सांधा) सोडा, पंप फिरायलाच नको. तेलाशिवाय फिरला तरी जाम होतो, आणि तोंड बंद ठेवून फिरला तर फुटतो.

नवाशेतकरी
कपलिंग, वेगळा पंप एवढं कशाला? ट्रॅक्टरच्या लिफ्टवरच लोडर चालवता येत नाही का? एक पंप वाचेल.

वर्कशॉप_कराड
१०३५ चा लिफ्टचा पंप आत पीटीओच्या (मागची अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो आणि गिअरबॉक्सचंच तेल वापरतो. लोडरच्या नळ्यांतली घाण थेट गिअरांत जाईल. शिवाय तेल कमी येतं, बकेट रेंगाळत उठेल. म्हणून तर ठेकेदार पुढं वेगळा पंप लावून घेतात.

मिस्त्री_तासगाव
यात कराडकरांशी सहमत. वाळवेकर, पिनेच्या डोक्याजवळ एक पट्टी आणि तिला आडवा बोल्ट आहे का बघा. तो असताना घण मारून पिन फक्त डोक्याला चेपते.

ऊसकरी_वाळवा
बोल्ट दिसत नाही. डांबर बसलंय सगळीकडं, बोटभर.

मिस्त्री_तासगाव
डांबर डिझेलनं भिजवा, रात्रभर ठेवा, सकाळी खरवडा. डिझेल लागलेल्या जागी पिन तापवायला गॅसची ज्योत न्यायची नाही. आणि तोंडं बंद असलेल्या जॅकजवळ तर आच नकोच, आतलं तेल तापून जॅक फुटतो.

ऊसकरी_वाळवा
डांबराखाली बोल्ट होता. उजवी पिन निघाली. डावी फिरतच नाही.

वर्कशॉप_कराड
डाव्या हाताचं वजन पिनेवर आलंय. कुप्पीनं हात थोडा थोडा उचला आणि पाइप पान्ह्यानं पिन फिरवत राहा. ज्या क्षणी सैल फिरेल तिथंच कुप्पी थांबवा, मग तांब्याचा गज लावून मारा. भोकं जुळली का ते बघायला बोट घालू नका, पहारीचं टोक घाला.

ऊसकरी_वाळवा
निघाली! पंपाचं कपलिंगही सोडलं, आतला रबर पार चिरलाय. दिवाळीला नवा लागेल, कुठल्या गाडीचा बसतो?

मिस्त्री_तासगाव
गाडीचं नाव विचारू नका, लोडर गावात बनवलेला असणार. जुना रबर घेऊन दुकानात जा, दाते मोजून आणि बाहेरचा व्यास मापून जुळवा. आणि पिना मोकळ्या आहेत तोवर बुशही (पिन ज्यात बसते ती नळी) बघून घ्या. पिन आत वाजत असेल तर बुश आत्ताच बदला, चढवल्यावर परत हेच सगळं खोलावं लागेल.