मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्यांचा लेख, परवाना कोणता घेऊ?

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यातल्या तीन गावांत फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांवर मी लेख लिहिला. परदेशातल्या एका शोधनियतकालिकाने तो स्वीकारलाय. परिशिष्टात मूळ मराठीतल्या ४० ओव्या आहेत. शुक्रवारपर्यंत फॉर्म भरून द्यायचाय आणि मी अडकलेय.

एक तर कॉपीराइट त्यांच्या नावे करून द्यायचा. पैसे लागत नाहीत, पण लेख वर्गणीदारांपुरताच राहणार. नाहीतर मुक्त प्रवेश (ओपन अ‍ॅक्सेस) घ्यायचा, म्हणजे लेख कोणालाही फुकट वाचता येतो, पण त्याचे अडीच हजार डॉलर, म्हणजे दोन लाखांच्या वर. कॉलेज देणार नाही. शिवाय त्यात परवाना 'सीसी बाय' हा क्रिएटिव्ह कॉमन्सचाच. म्हणजे नाव दिलं की कोणीही त्या ओव्या छापून विकायला मोकळा.

माझा जीव अडकलाय तो इथेच. रेकॉर्डिंगच्या आधी एका आजींनी जात्याचा खुंटा हातात धरून ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, हे इकू नगंस." मी शब्द दिलाय. त्यांच्या नातीला लेख वाचायचाय. बारावीत आहे, मोबाइलवर वाचेल. शोधनियतकालिकं वाचायला देणाऱ्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला केंद्राने २०२५ ते २०२७ साठी ६,००० कोटी मंजूर केलेत, पण ती सोय सरकारी संस्थांपुरती. तिच्यापर्यंत ती पोचत नाही.

फॉर्मवर "यातील सर्व मजकूर माझा आहे" असंही छापलंय. सही करायला हात धजत नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, लगेच सही करू नका. संपादकांना लिहा की ओव्या कॉपीराइटच्या हस्तांतरातून वगळा आणि परिशिष्टावर तशी स्पष्ट ओळ छापा. सीसी बाय घेतलं तरी दुसऱ्यांचा मजकूर असा बाजूला ठेवता येतो. पण हे आधीच करावं लागतं, सीसी परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही.

दोन लाख भरू नका. करारात 'स्वीकृत हस्तलिखिता'चं कलम शोधा. परीक्षणानंतरची, त्यांनी मांडणी करण्याआधीची तुमची फाइल बरीच नियतकालिकं काही महिन्यांनी विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात खुली ठेवू देतात. नातीला तीच द्या. मुदतही बघा. भारतीय कॉपीराइट कायदा लागू असेल आणि करारात मुदत लिहिलेली नसेल, तर कलम १९ प्रमाणे हस्तांतर पाचच वर्षांचं धरतात.

ओव्यांखाली आजींची नावं घालायची का, हे त्यांना विचारलंत?

धागाकर्ती

नाही विचारलं. संपादकांना आत्ता मेल केलाय, मुदतही वाढवून मागितलीय. उद्या सकाळच्या एसटीने गावी जाते.