रस्ता नदी का सोडतो?

आजच्या न्यू मेक्सिकोत रिओ ग्रान्दे नदीचं पाणी हाताशी असताना कामिनो रिआल, म्हणजे मेक्सिकोहून उत्तरेला जाणारा जुना स्पॅनिश रस्ता, नदी सोडून वाळवंटात का शिरतो, असा प्रश्न पडतो. तिथे नदी पश्चिमेला मोठं वळण घेते आणि काठ इतका खडबडीत होतो की बैलगाड्या चालत नाहीत. म्हणून सुमारे १४५ किमीचा सरळ, पण कोरडा तुकडा. नाव होर्नादा देल मुएर्तो, म्हणजे 'मेलेल्याची मजल'. इन्क्विझिशनच्या (कॅथलिक चर्चच्या धर्मन्यायालयाच्या) कैदेतून पळालेला जर्मन व्यापारी ग्रुबर १६७० मध्ये इथे मेला, त्यावरून ते पडलं असं सांगतात.

त्याआधी १५९८ मध्ये इथे वसाहत करायला निघालेल्या स्पॅनिश सरदार ओन्यातेच्या ताफ्यातला पेद्रो रोब्लेदो वाटेत वारला. जवळचा डोंगर आजही रोब्लेदोच. पुढे तहानेने जीव कासावीस झालेला असताना एक कुत्रं चिखलाने भरलेले पाय घेऊन परतलं. माग काढला तर पाणी! ती जागा 'पेर्रियो', म्हणजे छोटं कुत्रं. मला तरी हे नाव स्पॅनिशांनी जागांना दिलेल्या सगळ्या संतांच्या नावांपेक्षा आवडतं.

मजल ओलांडल्यावर तिथल्या मूळ रहिवासी पिरो लोकांनी ताफ्याला मका दिला. 'सोकोरो', म्हणजे मदत, हे नाव त्यावरून. अर्थात पिरोंची गावं तिथे आधीपासूनच होती, त्यामुळे इथली 'पहिली वस्ती' स्पॅनिशांची असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही.