आई-वडील वेगळे झाले की मुलाचे मार्क घसरतातच का?

चाफेकळी: बहिणीचा घटस्फोट झालाय, भाचा सातवीत आहे. नातेवाईक आत्तापासूनच म्हणतायत की आता याचं शिक्षण गेलं. खरंच असं असतं का?

खडूफळा: सरासरीत फरक दिसतो हे खरंय, पण कारण नीट बघा. अमेरिकेत मॅक्लानाहन आणि सँडेफर या समाजशास्त्रज्ञांनी 1994 मध्ये दाखवलं की एकल पालकांच्या मुलांत शाळा सुटायचं प्रमाण जास्त आहे, पण त्यातला जवळपास अर्धा फरक निव्वळ उत्पन्न कमी झाल्यामुळे पडतो, बाकी मग घर बदलणं, शाळा बदलणं, पालकाला वेळ न मिळणं वगैरे. म्हणून शक्यतो शाळा बदलू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं.

उगाचच: आणि रोज भांडणाऱ्या आईबापांच्या घरात अभ्यास होतो की काय? ते कोणी मोजत नाही!

खडूफळा: मोजलंय की. सतत भांडणं असतील तर वेगळं झाल्यावर मुलं उलट सावरतात असंही दिसलंय.

चाफेकळी: बरं, शाळा तीच ठेवतोय. वडील रविवारी गणित घेतात, ते चालू राहू दे ना?

खडूफळा: अर्थात, बंद कशाला करायचं!