न विचारता आमच्या जागेत डीपी बसवला, आता काय करता येईल? (तासगाव)

नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. रस्त्याकडचे चार गुंठे घर बांधायला मोकळे ठेवले होते. मागच्या उन्हाळ्यात सासऱ्यांना घेऊन आम्ही सगळे मिरजेला दवाखान्यात होतो, तेव्हा वीज कंपनीच्या ठेकेदाराने नेमका तिथेच दोन पोल रोवून डीपी (ट्रान्सफॉर्मर) चढवला. पोलला आधार देणारी एक तार, म्हणजे ताण, तर बागेच्या पहिल्या ओळीत आहे, ट्रॅक्टर वळत नाही.

डीपी नकोच असं आमचं म्हणणं नाही. शेजारपाजारच्या मोटारी त्यावर चालतात, त्यामुळे काही बोललं की गावात आम्हीच वाईट. बांधावर सरकवा, एवढीच मागणी. तर ऑफिसात म्हणतात, खर्च तुम्ही भरा. इस्टिमेट लाखाच्या पुढे. वर आता सांगतात की तुमच्याच माणसाची संमती आहे. चौकशी केली तर सही चुलत सासऱ्यांची. मोटारीच्या कनेक्शनचा कागद समजून केली म्हणतात. सातबारा सामाईक, वाटप तोंडी. अशी सही आमच्यावर बंधनकारक आहे का? भाडं किंवा भरपाई मागता येते का? कोर्टात जायचं का?

प्रतिसाद १
अर्ज-बिर्ज करत बसू नका. ताण कापा, दुसऱ्या दिवशी साहेब दारात.

प्रतिसाद २
ताई, असलं काही करू नका. पोल कलंडून कुणी दगावलं तर गुन्हा तुमच्यावर, आणि मग मूळ तक्रार कोण ऐकणार?

आधी तो कागद मिळवा. माहिती अधिकारात संमतीपत्र, मंजूर इस्टिमेट आणि जागेचा नकाशा मागा, उत्तराची मुदत ३० दिवस आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ६७ खाली २००६ साली परवानाधारकांच्या (म्हणजे वीज कंपन्यांच्या) कामांचे नियम आले. त्यातला नियम ३ तुमच्या कामाचा. खाजगी जमिनीत काम करायचं तर मालकाची किंवा वहिवाटदाराची आधी संमती लागते. हरकत आली तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची (म्हणजे कलेक्टरांची) किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. ‘किंवा वहिवाटदार’ हे शब्द कंपनी तुमच्यावर उलटवेल, कारण सामाईक सातबाऱ्यावर चुलत सासऱ्यांचंही नाव असणार.

म्हणून सगळी भिस्त सहीच्या वादावर ठेवू नका. त्याच नियमात पुढे म्हटलंय की काम झाल्यानंतरही मालकाने पुरेसं कारण दाखवलं, तर पोल किंवा ताण काढायचा वा बदलायचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. घराची जागा अडली, ट्रॅक्टर वळत नाही, ही कारणं मांडा. आदेश देताना भरपाई किंवा वार्षिक भाडं, किंवा दोन्ही, तेच ठरवतात. त्यांचा आदेश मान्य नसेल तर वीज नियामक आयोगाकडे फेरतपासणी मागता येते.

कंपनी वीज कायद्याच्या कलम १६४ चं नाव घेईल. त्या कलमाखाली सरकार टेलिग्राफ कायद्यातले अधिकार देऊ शकतं, मग संमतीचा प्रश्न फारसा उरत नाही. पण त्यासाठी सरकारचा लेखी आदेश लागतो. तो दाखवा म्हणा. गावच्या डीपीच्या बाबतीत बऱ्याचदा हे नुसतं तोंडी धमकावणं असतं, असं माझं मत.

प्रतिसाद ३
दिवाणी कोर्टात स्टे मिळणार नाही का?

प्रतिसाद २
अवघड आहे. विशिष्ट अनुतोष कायद्यात २०१८ ला कलम ४१(एचए) आलं. पायाभूत प्रकल्पाला अडथळा होईल असा मनाई हुकूम कोर्टाने देऊ नये असं ते सांगतं, आणि त्या कायद्यातल्या प्रकल्पांच्या यादीत वीज वितरण आहे. शिवाय डीपी तर उभा राहिलाय, थांबवायचं काय? मी आधी कलेक्टर कचेरीच गाठली असती.

धागाकर्ती
खूप आभार दादा. विजेच्या टॉवरखालच्या जमिनीला रेडीरेकनरच्या (सरकारी जमीन दराच्या) टक्क्यांनी पैसे मिळतात म्हणे, ते आम्हाला लागू आहे का?

प्रतिसाद २
नाही. केंद्राची ती मार्गदर्शक तत्त्वं ६६ केव्ही आणि त्यावरच्या पारेषण वाहिन्यांसाठी (टॉवरवरच्या मोठ्या लाइनसाठी) आहेत. तुमची ११ केव्ही असणार. अर्ज सांगलीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावे करा, नियम ३ चा उल्लेख पहिल्याच ओळीत हवा. सोबत सातबारा, फोटो आणि बांधावरची पर्यायी जागा दाखवणारा हाती नकाशा. चुलत सासरे तयार असतील तर सही कशी घेतली याचं त्यांचं प्रतिज्ञापत्रही लावा. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.